लोणच्याच्या बरणीतला दगड

एका गावात एक तालीम होती, आणि त्या तालमीत उचलायला दगड एकच होता. भरल्या पोत्याइतका जड, आणि इतका गुळगुळीत की धरायला कुठे खाच नाही की कपार नाही. गावाला त्या धोंड्याचा भारी अभिमान. पंचक्रोशीत असा धोंडा नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं जायचं. तो उचलतं कोण, हे मात्र विचारायची सोय नव्हती, कारण उचलत कुणीच नव्हतं. वस्तादांनी म्हणे तरुणपणी उचलला होता. आता वस्ताद तालमीच्या दारात बसून मिशांना पीळ देत, आणि आत लाल मातीत मांजरं लोळत.

तालीम ओस का पडली, तेही ऐका. गावची रीत अशी, की नव्या गड्यानं पहिल्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत, त्या धोंड्याला हात घालायचा. हलगी वाजायची. पारावरची माणसं तंबाखू मळत उठून यायची. नवा गडी वाकायचा, तोंड लालबुंद व्हायचं, धोंडा तसूभर हलायचा नाही, आणि मग सगळं गाव एका सुरात हुर्यो करायचं. दुसऱ्या दिवशी तो गडी तालमीकडे फिरकत नसे. मग हीच माणसं पारावर बसून म्हणायची, "हल्लीच्या पोरांत दमच न्हाई." सुचत कसं असेल हो या लोकांना! पोहायला आलेल्याला पहिल्याच दिवशी डोहात ढकलायचं, आणि तो गटांगळ्या खायला लागला की पाण्याला घाबरतो म्हणून हसायचं. पण रीत म्हटली की गावाचं डोकं गहाण पडतं.

त्याच गावात एक शिंपी राहायचा. अंगानं अगदी काडी. सुई, दोरा आणि कात्री यांपलीकडे त्याच्या हातांनी कधी काही उचललं नव्हतं. घरात तो आणि त्याची आई. आई मात्र उंचपुरी, हाडापेरानं मजबूत. एके काळी डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन नदीची चढण चढलेली बाई. पण एकदा शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय घसरला, कंबर मोडली आणि दोन्ही पाय कायमचे गेले. तेव्हापासून ती माजघरातल्या बाजेवर पडून असे.

माजघरातून परसातल्या न्हाणीकडे जायला उंच उंबरठा होता आणि त्याखाली पायऱ्या. शिंप्याला एकट्याला आई पेलत नसे. एकदा त्यानं उचलायचा प्रयत्न केला तेव्हा मायलेक दोघं उंबरठ्यातच कोसळली. मग गल्लीतल्या चार तरण्याबांड पोरांना हाक मारायची, त्यांनी बाज उचलून परसात न्यायची, आणि पुढचं सगळं शेजारच्या कासारीण मावशीनं बघायचं, असं सुरू झालं. पहिल्यांदा पोरं धावत येत. मग चालत येऊ लागली. मग दोनदा बोलवावं लागे, आणि येताना गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचं चाले, "चला रं, शिंप्याच्या म्हातारीची पालखी हलवायची हाय!" आतमध्ये बाजेवर ती माउली हे सगळं ऐकत असे.

शिंपी सकाळी आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, की तांब्या सकाळी होता तेवढाच भरलेला आहे. आदल्या दिवशीही तसाच होता. त्यानं आईच्या ओठांकडे पाहिलं. ते सुकून फुटले होते.

"आई, तू पाणी पीत नाहीस?"

"तहान लागत न्हाई रं."

"या उन्हाळ्यात? खरं सांग."

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग ती म्हणाली, "पाणी प्यालं की परसात जावं लागतं. परसात जायचं तर त्या पोरांना हाका मारायच्या. त्यांची तोंडं बघायची, बोलणी ऐकायची. त्यापरीस तहान बरी, लेकरा."

शिंप्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोरांचा राग आला, त्यांच्या बोलण्यावर हसणाऱ्या गल्लीचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या काटकुळ्या दंडांचा. जन्मभर दुसऱ्यांना पाणी भरून घालणारी बाई स्वतःच्या घरात तहानेली राहते, आणि आपण बाजूला बसून झबली शिवतो! त्यानं हातातलं काम तसंच टाकलं आणि तो तालमीकडे निघाला.

त्याला पाहून वस्तादांच्या मिशा हलल्या. बऱ्याच महिन्यांत नवा गडी आला नव्हता. हलगी आली, पारावरची माणसं आली. ती चार पोरं तर सगळ्यांत पुढे.

"काय शिंपीदादा, धोंड्याला सदरा शिवायचाय का?" एकानं विचारलं. सगळे खो खो हसले.

शिंप्यानं धोंड्याला मिठी मारली, डोळे मिटले आणि जीव खाऊन ओढलं. धोंडा ढिम्म. त्याच्या कमरेत मात्र कळ आली आणि तो मातीत बसला. मग काय, हुर्यो झाली. "सुई उचल, सुई!" असं ओरडत पोरं त्याच्या घरापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी शिंप्याला धड बसता येईना की उठता. आजवर सगळे इथेच थांबले होते, आणि तोही थांबला असता. पण पडल्या पडल्या त्याच्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. कमरेला पट्टा बांधून तो तालमीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वस्ताद, एक विचारू? तुम्ही पहिल्याच दिवशी हा धोंडा उचलला होता?"

वस्तादांनी मिशीवरचा हात काढला. "छ्या! पहिल्या दिवशी कुणाला उचलतोय तो? तवा बारके दगड होते. सगळ्यांत लहान आधी. त्यो हातात बसला की त्याच्यावरचा. असं करत करत मग ह्यो."

"मग ते दगड गेले कुठं?"

"लोकांनी नेले. बारका दगड उचलताना कुणी बघितलं तर लाज वाटायची गड्यांना. पडूनच असायचे. मग ज्याला जसा लागला तसा त्यानं नेला."

शिंपी एक पाऊल पुढे आला. "म्हणजे तुम्ही शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून चुलीत घातल्या, आणि आता वरची पायरी गाठता येत नाही म्हणून लोकांना हसता? वस्ताद, तुम्हाला हे ठाऊक होतं, तरी तुम्ही दर वेळी हलगी वाजवू दिलीत?"

वस्तादांशी असं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती. ते उठून उभे राहिले. पण पोरगं बोललं ते खरं होतं. शेवटी ते पुटपुटले, "सगळ्यांत लहान दगड कासारणीकडं असंल. बघ जा."

आणि खरंच तो तिथे होता. कासारीण मावशीच्या कैरीच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत, फोडी तेलाच्या वर येऊ नयेत म्हणून ठेवलेला.

"न्हाई देणार," मावशी म्हणाली. "फोडी वर आल्या की बुरशी धरती. वरीसभराचं लोणचं हाय. आन तुला कशाला रं तो?"

शिंप्यानं सगळं सांगितलं. तांब्याचंही सांगितलं. मावशीच्या हातातली बांगड्यांची माळ तिथेच थांबली.

"आग लागो त्या मेल्यांच्या तोंडाला!" ती म्हणाली. "तरी मी म्हणते, ही बाई दिवसातनं एकदाच कशी परसात येते!" तिनं पदर खोचला, कोपरापर्यंत हात बरणीत घातला आणि दगड बाहेर काढला. "घे. बरणीत मी दुसरं कायतरी ठेवीन. पण एक सांगते, घेतलास तर सोडायचा न्हाई."

लोणच्याच्या तेलानं माखलेला तो दगड काखेत धरून शिंपी गावातून तालमीकडे निघाला तेव्हा गावाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. दोन हातांत मावणारा दगड, आणि त्याला हिंग-मोहरीचा वास! पोरांनी त्याचं नावच 'लोणचं' ठेवलं. तालमीच्या खिडकीत रोज डोकी दिसायची. "लोणचं मुरलं का रं?" असा प्रश्न व्हायचा आणि खिडकी हसायची. एवढी करमणूक त्या गावाला जत्रेतही मिळत नसावी.

पहिले काही दिवस शिंपी रागाच्या भरात गेला. वस्तादही लाजेकाजेनं त्याला शिकवू लागले. "कमरेतनं वाकायचं न्हाई, गुडघ्यातनं बसायचं. वजन अंगाशी धरायचं. उठताना जोर पायांचा." लोणच्याचा दगड गुडघ्यापर्यंत आला, मग छातीपर्यंत, मग खांद्यावर. शिंप्याला वाटलं, जिंकलंच की आपण.

पण राग म्हणजे गवताचा जाळ, भडकतो तसा विझतो. लग्नसराई आली. चोळ्या आणि अंगरख्यांचा ढीग पडला. अंग दुखायचं, आणि फळ तर काही दिसेना. शिंपीच तो, मापाची फीत गळ्यातच असायची. रोज तालमीतून आला की दंडाला फीत लावायचा आणि रोज माप तेवढंच भरायचं. एक दिवस त्यानं ठरवलं, आज नको. दुसऱ्या दिवशी ठरवावंही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तर मनानं स्वतःहून कारणं काढून दिली. लग्नाचं काम आहे, पाठ दुखते, ऊन फार आहे. न जाण्याला कारणांची कधी टंचाई पडलीय का? खिडकीतली पोरंही खूश झाली. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असं एकमेकांना टाळ्या देत सांगू लागली. जणू त्याचं थांबणं हीच यांची कमाई!

आईच्या हे लक्षात आलं होतं. फीत दंडाला लावून बसलेल्या लेकाला ती म्हणाली, "काय रं, बी पेरून रोज उकरून बघितलं तर ते उगवंल व्हय?"

"पण काहीच होत नाही, आई."

"तुला दिसत न्हाई म्हण. काल मला कुशीवर वळवलंस तवा तुझे हात थरथरले न्हाईत. आधी थरथरायचे. मला कळतं. माझंच अंग हाय ते."

शिंप्यानं फीत गळ्यातून काढली आणि पुन्हा म्हणून ती स्वतःच्या अंगाला लावली नाही. जायचा कंटाळा येणारच, हे त्यानं मान्य करून टाकलं, आणि त्या कंटाळ्याशी एक सौदा केला. उत्साह असो वा नसो, रोज तालमीत जायचं आणि दगडाला नुसता हात लावायचा. वाटलं तर उचलायचा, नाही वाटलं तर परत यायचं. गंमत अशी, की एकदा हात लावला की तो रिकामा परत येत नसे. चार वेळा तरी दगड उचलला जायचाच. एक दिवस खरोखर अंगात ताप होता, तेव्हा तो हात लावून परत आला. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तो पुन्हा गेला.

लोणच्याचा दगड हलका वाटू लागला तेव्हा तो त्याच्या वरचा शोधायला गेला. तो गुरवाच्या गोठ्यात म्हशीच्या दाव्याला बांधलेला सापडला. त्याच्याही वरचा नदीवर बायका धुणं आपटायला वापरत. त्यावरून तर भांडणच झालं, पण कासारीण मावशी मध्ये पडली आणि बायकांनीच तो दगड घाटावरून लोटत आणून दिला. पावसाळा गेला, थंडी गेली. आता खिडकीत डोकी कमी झाली होती. नेमानं येणाऱ्या माणसाला रोज रोज काय हसणार? शिवाय अशीच हुर्यो खाऊन पळालेला गुरव एक दिवस गुपचूप येऊन लोणच्याच्या दगडापाशी बसला. शिंप्यानं त्याला काही विचारलं नाही, फक्त गुडघ्यातून कसं बसायचं ते दाखवलं.

मग जत्रा आली. जत्रेच्या दिवशी मोठा धोंडा उचलणाऱ्याला गाव फेटा बांधी. कित्येक वर्षं तो फेटा तसाच पेटीत होता. वस्तादांना आता शिंप्याचा असा काही अभिमान वाटायला लागला होता, की जणू पहिल्यापासून त्यांचाच सगळा विचार होता.

"यंदा फेटा आपल्या तालमीचा," ते म्हणाले. "पण एक ध्यानात ठेव. उठंल तर एका दमात उठंल. सकाळपासनं कशालाही हात लावू नकोस. ताकद राखून ठेव."

जत्रेच्या सकाळी हलगी वाजू लागली. ज्यांनी हुर्यो केली होती, तीच माणसं आता "आपला शिंपी, आपला शिंपी" करत पारावर जमली. ती चार पोरंही तिथेच होती, धोंड्याला हळदकुंकू लावत. शिंपी नवा सदरा घालून निघाला आणि जाताना त्यानं आईकडे पाहिलं. आई छताकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले.

"आई, परसात जायचंय?"

"तू जा. मी थांबते."

"पोरांना बोलवू?"

"ती कुठली येतात आज? जा रं तू. गाव वाट बघतंय. मला सवय हाय."

शिंपी उंबरठ्यात थांबला. इतके महिने तो जे दगड उचलत होता, ते कशासाठी? एकीकडे हलगी, फेटा, आणि आयुष्यभर पुरेल असं नाव. दुसरीकडे बाजेवर 'मला सवय हाय' म्हणणारी आई. पोट बांधून, तहान मारून जगायची सवय! कोणी लावली ती सवय तिला? त्यानं नवा सदरा काढून खुंटीला टांगला.

तो बाजेपाशी गेला, गुडघ्यातून बसला. एक हात आईच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली. तिला अंगाशी घेतलं. आणि पायांवर जोर देऊन उठला.

आई उचलली गेली. आईनं घाबरून त्याचा खांदा धरला. उंबरठा आला, त्यानं ओलांडला. पायऱ्या आल्या, त्या एकेक करून उतरला. न्हाणीच्या दाराशी कासारीण मावशी तोंडावर हात ठेवून उभी होती. तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

न्हाणीतलं सगळं आटोपल्यावर त्यानं आईला पुन्हा उचललं, पण आत नेलं नाही. पुढच्या दारी ओट्यावर आणून उन्हात बसवलं. इतक्या दिवसांनी तिला गल्ली दिसत होती. तिनं पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग दुसरा मागितला.

तेवढ्यात हलगीसकट सगळं गाव गल्लीत शिरलं. पुढे वस्ताद, मागे ती पोरं.

"काय रं, भ्यालास का?" पोरांतला एक ओरडला. "धोंडा वाट बघतोय तिकडं! लोणचं बरणीतच बरं!"

पुन्हा सगळे हसले. वस्ताद कळवळून म्हणाले, "अरे, चल की! सकाळपासनं ताकद राखलीस ना?"

शिंप्याच्या मांड्या भरून आल्या होत्या. आज धोंडा उठणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो ओट्यावरून खाली उतरला.

"नाही राखली," तो म्हणाला. "आईला परसात नेलं आणि परत आणलं. एकट्यानं." मग तो त्या पोरांकडे वळला आणि त्याचा आवाज चढला. "तुम्ही माझ्या आईला पालखी म्हणालात. वर्षभर तुमच्या बोलण्याच्या भीतीनं ती पोटभर पाणी प्यायली नाही. ऐकताय का? उन्हाळ्याच्या दिवसांत, भरला तांब्या उशाशी असताना! आणि आज तुमच्या त्या धोंड्याला हळदकुंकू! धोंडा थांबेल. त्याला तहान लागत नाही."

हलगी कधी थांबली ते कुणाला कळलं नाही. ती पोरं खाली बघू लागली.

ओट्यावरून आईचा आवाज आला, "हुबं काय ऱ्हायलासा? जत्रेच्या दिवशी दारी आलेले पाव्हणे तुम्ही. पाणी घ्या घोटभर."

चौघांपैकी एकालाही तो तांब्या घ्यायला हात पुढे करवेना. शेवटी वस्ताद पुढे झाले, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी प्यायले. त्या दिवशी फेटा पेटीतच राहिला.

मोठा धोंडा शिंप्यानं पुढे कधी उचलला का, असं मुलं नेहमी विचारतात. कुणी म्हणतं उचलला, कुणी म्हणतं त्याला ते कधी सुचलंच नाही. एवढं मात्र खरं, की वस्तादांनी हलगी बंद करून टाकली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौघांतला सगळ्यांत दांडगा पोरगा तालमीच्या दारात खालमानेनं उभा राहिला. दंड त्याचे शिंप्याच्या दुप्पट होते, पण आजवर त्यानं तिथे हसण्याखेरीज काही केलं नव्हतं. शिंप्यानं त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. राग अजून गेला नव्हता. मग त्यानं बाजूला सरून त्याला जागा करून दिली.

तात्पर्य: आज पेलवेल तेवढंच उचला, पण उद्यावर ढकलू नका. आणि नवशिक्याला हसावंसं वाटलं, तर आधी स्वतःच्या हातांनी काय उचललं आहे ते आठवून बघा.